ओल्ड स्कूल म्हणजे बूम-बॅप नव्हे

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रॅपचा विषय निघाला की कुणीतरी छातीठोकपणे सांगतोच, "आपण ओल्ड स्कूलवाले. नॅस, बिगी, वू-टँग. हे हल्लीचं ट्रॅप-बिप आपल्याला नाही चालत." आवड उत्तम आहे, माझीही तीच. पण त्या रॅपर्सच्या यादीत ओल्ड स्कूल एकही नाही.

वू-टँगचा पहिला अल्बम १९९३चा, नॅसचा 'इल्मॅटिक' आणि बिगीचा 'रेडी टू डाय' १९९४चे. हे तुम्हाला तोंडपाठ असतील, म्हणून तिथे थांबत नाही. हिप-हॉपचा जन्म जिथे मानतात ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली डीजे कूल हर्कची पार्टी ११ ऑगस्ट १९७३ची. म्हणजे हे अल्बम आले तोवर हिप-हॉपने विशी गाठली होती. ओल्ड स्कूल हे त्याचं बालपण, रेकॉर्डवर साधारण १९७९ ते १९८४. त्याच्या अखेरीस रन-डीएमसी हा गट आला आणि त्यांना तेव्हा लोक 'न्यू स्कूल' म्हणायचे! आपण ज्यांना जुने म्हणतो त्यांच्याही आधीचे हे लोक, आणि तेसुद्धा नवे ठरले होते.

ओल्ड स्कूल हा काळ आहे. बूम-बॅप हा आवाज आहे. बूम म्हणजे किक, ड्रमचा जाड ठोका; बॅप म्हणजे स्नेअर, त्याचा कडक ठोका. नऊवारी आजही नेसता येते, पण ती नेसल्याने कुणी पेशवाईत जात नाही, तसंच हे.

कपडे, सोन्याच्या साखळ्या, टोप्या यांवरून होणारे वाद सोडून द्या. शब्दांमधला फरकही एका वाक्यात सांगता येतो: ओल्ड स्कूलमध्ये यमक बहुतेक ओळीच्या शेवटी पडायचं, १९८६-८७च्या सुमारास रकीम या रॅपरने ते ओळीच्या पोटात खेळवलं. लोक खरे चुकतात ते ढोलात.

'रॅपर्स डिलाइट' या सुरुवातीच्या रॅप गाण्यामागची 'शीक' बँडची चाल स्टुडिओत वादकांनी नव्याने वाजवलेली आहे. सुरुवातीच्या रेकॉर्ड्स अशाच बनायच्या, डिस्कोच्या ठेक्यावर, हाडामांसाचे वादक बसवून. मग ड्रम मशीन आलं. रोलंडचं टीआर-८०८ १९८०चं, आणि 'प्लॅनेट रॉक' या गाण्याने १९८२ साली ते गाजवलं. आवाज चकचकीत, पूर्ण इलेक्ट्रॉनिक.

बूम-बॅपची रीत याच्या उलट. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मार्ली मार्ल या प्रोड्यूसरने जुन्या रेकॉर्डमधली एकच किक, एकच स्नेअर वेगळी उचलली आणि त्यांतून नवा ठेका बांधला. १९८७ साली एसपी-१२०० हा सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डचे तुकडे आत घेऊन वाजवणारं मशीन, आला. त्यात सगळी मिळून जेमतेम दहा सेकंदं मावायची. मग प्रोड्यूसर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर फिरवून आत घ्यायचे आणि मशीनमध्ये पुन्हा संथ करायचे. जागा वाचायची, आणि आवाजाला तो खरखरीत, धुळकट पोत यायचा. पुढच्याच वर्षी अकाईचं एमपीसी-६० हे तसलंच मशीन आलं. त्यात ठोके किंचित मागे सरकवता यायचे. मान आपोआप डोलते ती त्या सरकण्यामुळे. डीजे प्रीमियर, पीट रॉक या प्रोड्यूसर्सचं काम या परंपरेतलं आहे. माझ्या लेखी त्याच्यावर काही नाही.

आता ट्रॅपकडे पाहा. त्याचा तो पोटात घुमणारा लांबलचक बेस कुठून आला? ८०८च्या किकमधून. म्हणजे "ट्रॅपने ओल्ड स्कूल मारलं" म्हणणाऱ्याने वंशावळच उलटी धरली आहे. ठेक्याच्या बाबतीत अस्सल ओल्ड स्कूलशी नातं नॅसपेक्षा ट्रॅपचं जवळचं आहे. ट्रॅप मला फारसा आवडत नाही, तरी हे मान्य करावंच लागतं.

आवाज आणि काळ वेगळे धरले की बाकीचंही जागेवर बसतं. जोई बॅडॅस या रॅपरचा '१९९९' आला २०१२ साली: बूम-बॅप, पण ओल्ड स्कूल नाही. उद्या परळच्या एखाद्या पोराने जुन्या लावणीतली ढोलकी कापून मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या लयीत किक-स्नेअरसारखी बसवली, तर तेही बूम-बॅपच. आणि कुर्ल्याच्या रॅपर नेझीचं २०१४चं 'आफत' किंवा डिव्हाइनबरोबरचं २०१५चं 'मेरे गली में' यांना 'देसी ओल्ड स्कूल' म्हणणं मला खटकतं. मुंबईत त्याआधीही पोरं रॅप करत होती. त्या गाण्यांना गली रॅपची पहिली मोठी लाट म्हणा, त्यात त्यांचा मान जास्त आहे.

सगळ्यात जास्त राग येतो तो मेली मेलला नॅसशेजारी उभं करून "किती साधं लिहितो" म्हणणाऱ्यांचा. मेली मेलचं 'द मेसेज' १९८२चं आहे. रॅप म्हणजे पार्टीची मजा असं बहुतेक रेकॉर्ड्स सांगत होत्या तेव्हा त्याने वस्तीतली काच, दुर्गंधी आणि कोंडमारा माइकवर आणला. त्याची तुलना करायची तर १९८२च्याच इतर रेकॉर्ड्सशी करा. तिथे तो कुणालाही ऐकत नाही.