बाळाच्या फुफ्फुसाचं औषध: नॅचरल आणि सिंथेटिक सर्फॅक्टंटमध्ये नेमका फरक काय

सातव्या महिन्यात झालेलं बाळ, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलंय, डॉक्टर म्हणाले सर्फॅक्टंट द्यावं लागेल, की घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो. एक काका म्हणणार नॅचरलच मागा, सिंथेटिक म्हणजे सगळं केमिकल, आणि पेडण्याहून आजीचा निरोप येणार की ते डुकराचं असतं म्हणे, खरं का ते विचारा. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो त्यामुळे हे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतात, तर एकदाचं लिहूनच टाकतो.

त्याआधी एक घोळ निस्तरूया. डिलिव्हरी लवकर होणार असं दिसलं की आईला जे ‘फुफ्फुसाचं इंजेक्शन’ देतात ते स्टेरॉइड, त्याने पोटातल्या बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. सर्फॅक्टंट बाळाला देतात, जन्मल्यावर, तेही टोचून नाही तर बारीक नळीने थेट श्वासनळीत.

फुफ्फुसात हवेच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात आणि त्या आतून ओल्या असतात. पावसात भिजलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू कशा एकमेकींना चिकटून बसतात, तसंच यांचं होऊ शकतं, श्वास सोडला की मिटल्या आणि परत उघडायला जोर लागतो. सर्फॅक्टंट हा त्या पाण्यावरचा ताण कमी करणारा स्निग्ध थर. साधारण 34-35 आठवड्यांपर्यंत तो पुरेसा तयार होतो, त्याआधी जन्मलेलं बाळ दर श्वासाला कण्हतं, नाकपुड्या फुगतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो. यामागे सर्फॅक्टंटची कमतरता आहे हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी 1959 मध्ये दाखवलं, पण उपाय हाताशी नव्हता. 1963 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचं बाळ याच आजाराने दोन दिवसांत गेलं.

आता नॅचरल. हे येतं जनावरांच्या फुफ्फुसातून, सरळ सांगायचं तर कत्तलखान्यातून. सर्व्हँटा नावाचा ब्रँड गायीच्या जातीच्या जनावरांचा, क्युरोसर्फ डुकराचा, म्हणजे आजीला मिळालेली बातमी काही अगदीच खोटी नाही. फुफ्फुस बारीक करून (काही ब्रँड धुऊन काढतात) सॉल्व्हंटने त्यातली स्निग्ध द्रव्यं वेगळी करतात. या प्रक्रियेत एसपी-ए आणि एसपी-डी (एसपी म्हणजे सर्फॅक्टंट प्रोटीन) ही पाण्यात विरघळणारी प्रोटीन्स निघून जातात, एसपी-बी आणि एसपी-सी ही दोन चरबीला धरून राहतात. सर्व्हँटात तर वरून डीपीपीसी (सर्फॅक्टंटमधलं मुख्य स्निग्ध द्रव्य), पाल्मिटिक ॲसिड असली द्रव्यं मिसळलेली असतात, तेव्हा काकांना वाटतं तितकं काही ते जसंच्या तसं निसर्गातून बाटलीत उतरलेलं नाही. जपानच्या फुजिवारांनी 1980 मध्ये असंच गायीपासूनचं सर्फॅक्टंट दहा बाळांना दिलेलं, आणि तिथून या उपचाराची गाडी खरी रुळावर आली.

सिंथेटिक म्हणजे एकच काहीतरी आहे असं धरून बोलतात, गोंधळ होतो तो इथेच. पहिल्या पिढीचं एक्सोसर्फ, अमेरिकेत 1990 मध्ये मंजूर झालं, त्यात तेच डीपीपीसी आणि ते नीट पसरावं म्हणून हेक्साडेकॅनॉल आणि टायलोक्सापॉल. प्रोटीन शून्य. काहीच न देण्यापेक्षा ते नक्कीच चांगलं होतं, त्याने बाळं वाचली, पण नॅचरलशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा मागे पडलं, असर हळू आणि फुफ्फुसातून हवा फुटून बाहेर पडण्याचे प्रकार जास्त. हे केमिकल म्हणून हरलं असं नाही हो, डीपीपीसी आपल्या फुफ्फुसातही तेच असतं. कमी होती ती एसपी-बीची. ते प्रोटीन त्या स्निग्ध थराला दर श्वासाला पटकन पसरायला लावतं, आणि ज्या बाळांच्या जीन्समध्येच एसपी-बी बनत नाही त्यांना पूर्ण नऊ महिने भरून जन्मूनही श्वास घेता येत नाही.

मग करा ना प्रोटीन लॅबमध्ये! तर ते म्हणावं तितकं सोपं नाही, एसपी-बी पाण्याला अजिबात जवळ करत नाही आणि एसपी-सीचे गठ्ठे बनतात. म्हणून शास्त्रज्ञांनी नक्कल केली. सर्फॅक्सिन या पुढच्या पिढीच्या सिंथेटिक औषधातलं केएल-फोर नावाचं पेप्टाइड म्हणजे एक लायसिन, चार ल्युसिन, परत एक लायसिन, असं करत फक्त 21 अमिनो ॲसिडची साखळी, एसपी-बीच्या वागण्याची नक्कल करणारी. याला अमेरिकेत 2012 मध्ये मंजुरी मिळाली आणि 2015 मध्ये कंपनीने ते बंदही केलं. आमच्या बाजूने बघाल तर ते वापरायला किचकटच होतं, फ्रीजमध्ये त्याची जेल होते, 44 अंशांवर पंधरा मिनिटं गरम करून मग जोरात हलवायचं. क्युरोसर्फची बाटली याच्या अगदी उलट, फ्रीजमधून काढून रूम टेंपरेचरला आणायची, हळूच उलटी-सुलटी करायची आणि हलवायची मुळीच नाही, आतलं पांढरट दूध एकसारखं झालं की काम झालं. रात्री तीन वाजता सिस्टर घाईत असताना या फरकाला किंमत असते.

डोसही सारखा नाही बरं का. क्युरोसर्फचा पहिला डोस किलोमागे अडीच मिली, सर्व्हँटाचा चार, कारण दोन्हीचा दाटपणा वेगळा. तेव्हा ‘त्यांच्या बाळाला कमी दिलं, आमच्याला जास्त का’ असं विचारताना आधी बाटलीवरचं नाव बघा.

सिंथेटिकचा पिच्छा अजून सोडलेला नाही, कारण जनावरांवरचं अवलंबित्व जाईल, प्रत्येक बॅच सारखी येईल, आणि गाय की डुक्कर हा प्रश्नच मिटेल. सीएचएफ 5633 नावाच्या नव्या औषधात एसपी-बी आणि एसपी-सी दोन्हींच्या नकला एकत्र आहेत, बाळांवरच्या अभ्यासात ते डुकरापासूनच्या औषधाशी लावून बघितलं तर परिणाम साधारण तसेच दिसले. पण आज एनआयसीयूत जी बाटली उघडतात ती बहुतेक जनावरापासूनचीच असते, त्यामुळे काकांनी ‘नॅचरलच द्या’ म्हणून भांडायची गरज नाही, आणि आजीला खरं काय ते सांगायचं, ज्यांना धर्मामुळे अडचण वाटते त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारायचं की कोणत्या जनावराचं आहे आणि दुसरं मिळेल का, फक्त हे लगेच विचारा, हा डोस लवकर गेला तरच त्याचा जास्त उपयोग होतो.