गोंदण व स्थायी रंगभूषा : स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण (मराठवाडा)

सुईने टोचे मारून कातडीच्या आतल्या थरात रंग भरणे म्हणजे गोंदण. भुवया, ओठ किंवा पापण्यांच्या कडा अशाच पद्धतीने रंगवल्या की त्याला स्थायी रंगभूषा, म्हणजे पार्लरच्या बोलीत ‘परमनंट मेकअप’ म्हणतात. दोन्हींत कातडी फुटते आणि रक्त पाझरते. म्हणून हे काम सौंदर्यप्रसाधनात मोडत असले, तरी त्याची स्वच्छता इंजेक्शनच्या खोलीतली असावी लागते.

मराठवाड्यात गोंदण जुनेच आहे. जुन्या पिढीतल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर तुळस, विंचू, देवाचे नाव दिसते. बंजारा तांड्यांवरही ही चाल होती. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवायची, दोनतीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, टोचून झाले की वर हळद लावायची, अशी रीत. एकाच सुयांनी अख्खी आळी गोंदली जाई. पुढे माळेगाव, येरमाळा, पैठण अशा यात्रांत बॅटरीवर चालणारी यंत्रे आली. हात झपाट्याने चालू लागला, पण सुई तीच राहिली. आता छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे रीतसर स्टुडिओ आहेत आणि भुवयांचे मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने केसांसारख्या रेघा कोरून रंग भरणे) तालुक्याच्या पार्लरपर्यंत पोचले आहे.

धोका मुख्यतः रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंचा. ‘एड्स होईल का?’ हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, पण कारागिराने जास्त धसका घ्यावा तो ‘ब’ प्रकारच्या काविळीचा, म्हणजे हेपॅटायटिस ‘बी’चा. बाधिताच्या रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस ‘बी’ होण्याची ६ ते ३० टक्के. शिवाय हा विषाणू टेबलावर वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकतो. त्यावर लस आहे : ०, १ आणि ६ महिन्यांना तीन मात्रा. हेपॅटायटिस ‘सी’वर मात्र लस नाही. न्यूयॉर्क शहराने १९६१ साली गोंदणावर बंदी घातली ती काविळीचेच कारण देऊन. ती १९९७ मध्ये उठली. याशिवाय पू धरणे, चामखिळी यांचाही प्रसार होतो. छत्तीसगडात गोंदणाच्या जागीच काही वर्षांनी कुष्ठरोगाचे चट्टे उमटल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

सुई बदलण्याची सवय आता बऱ्यापैकी रुजली आहे. ग्राहकासमोर पाकीट फाडले जाते, त्यावरची मुदत दाखवली जाते. पण सगळी स्वच्छता त्या एका पाकिटात आहे, हा समज चुकीचा. रक्त लागलेला हातमोजा पुढे कुठे कुठे जातो, ते पाहावे : शाईच्या बाटलीचे टोपण, दिव्याची मान, फवारणीची बाटली, मोबाइल. मधेच फोन घेतला की मोजे बदललेच पाहिजेत, आणि नेमके तेच होत नाही. यंत्र, वायर, बाटली, टेबल यांवर दर ग्राहकामागे नवे प्लॅस्टिक चढवतात ते याचसाठी. कार्ट्रिजच्या, म्हणजे यंत्राला लावायच्या सुईच्या नळीच्या, आत पडदा असावा लागतो. तो नसलेले स्वस्त कार्ट्रिज वापरले, तर रक्तमिश्रित शाई मागे यंत्रात शिरते आणि पुढच्या माणसाची नवी सुई त्याच यंत्राला लागते. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या कपात घ्यायची आणि उरलेली टाकून द्यायची. महाग असली तरी बाटलीत परत ओतायची नाही.

मराठवाड्यात सर्वांत कच्चा दुवा आहे पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरचे किंवा बोअरचे पाणी टिपाडात, टाकीत साठवून वापरणे ही इथली रोजची गोष्ट. हात व फरशी धुवायला ते चालते, मात्र हात धुताना बादलीत बुडवू नयेत. नळाची कोठी किंवा तोटीचे पिंप ठेवावे, साबणाने ४० ते ६० सेकंद चोळावे. शाई पातळ करायला किंवा ताजी जखम पुसायला साठवलेले पाणी अजिबात वापरू नये. पाण्यात राहणारे काही मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूंच्या कुळातले जंतू) साध्या क्लोरिनला दाद देत नाहीत, आणि त्यांनी झालेल्या गाठी महिनोन् महिने औषध घेऊनही रेंगाळतात. अमेरिकेत रॉचेस्टर येथे २०११ च्या अखेरीस एका कारागिराकडच्या १९ ग्राहकांना असा संसर्ग झाला. जंतू सापडले ते करड्या शाईत, अगदी न उघडलेल्या बाटलीतही. शाई पातळ करण्यासाठी मेडिकलवर मिळणारे इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी क्षारमुक्त असते, निर्जंतुक नव्हे.

पाण्यातले क्षार ऑटोक्लेव्हलाही, म्हणजे दाबाखालच्या वाफेने साधने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रालाही, छळतात. बेसाल्टातल्या बोअरचे पाणी बहुधा जड. त्याचा पांढरा थर भांड्यात बसतो, म्हणून तिथे डिस्टिल्ड पाणीच ओतावे. पुन्हा वापरायची धातूची साधने आधी घासून रक्ताचा अंश काढून टाकावी, मग पाकीटबंद करून १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबाखाली किमान ३० मिनिटे ठेवावी. मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटे मोजून भागत नाही. फेरी पहिल्यापासून घ्यावी लागते. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ उष्णता लागली एवढाच. जंतू मेले का, हे बीजाणू-चाचणीने कळते (बीजाणू म्हणजे जंतूंचे सर्वांत चिवट, कवचातले रूप). निळ्या दिव्याची (यूव्ही) पेटी पार्लरमध्ये दिमाखात उभी असते, पण ती निर्जंतुकीकरण करत नाही. उकळते पाणी, डेटॉल किंवा स्पिरिटही बीजाणू मारत नाहीत. सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट १० मिनिटे ठेवावे. हे द्रावण रोज ताजे करावे; ४० अंशांच्या उन्हाळ्यात ते लवकर उतरते.

स्थायी रंगभूषेत अडचण वेगळी आहे. एकाच खुर्चीवर थ्रेडिंग, फेशियल आणि मायक्रोब्लेडिंग चालते. भुवयांची आखणी करणारी पेन्सिल ताज्या छेदांवरून फिरते आणि उद्या दुसरीच्या कपाळावर टेकते. ती त्या ग्राहकापुरतीच असावी, बोटात घालायचा रंगाचा कपही तसाच. ओठांच्या कामाने अंगात दबलेला हर्पीजचा विषाणू पुन्हा उफाळू शकतो. पूर्वी ओठावर पुरळ येऊन गेलेल्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावे. डोळ्याच्या कडेवर शिकाऊ हात चालवू देऊ नये, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

गोंदल्यानंतर वरची कातडी भरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. यात्रेत हातावर नाव काढून लगेच गोदावरीत किंवा तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थात बुडी मारणे म्हणूनच धोक्याचे. विहिरीत पोहणे, शेतातली फवारणी, गुरांचे काम यांपासूनही जखम जपावी. घरची हळदपूड निर्जंतुक नसते. ती ओल्या जखमेवर दाबू नये.

वापरलेली सुई घंटागाडीत टाकली, तर ती सफाई कामगाराला टोचते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार धारदार वस्तू पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. नियमांतील संस्थांच्या यादीत रुग्णालये, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या आहेत. गोंदणाच्या दुकानाचे नाव नाही. शहाणा कारागीर जवळच्या दवाखान्याशी बोलून आपला डबा त्यांच्या कचऱ्याबरोबर पाठवायची सोय करतो.

कारागिरालाच सुई टोचली, तर बोट चोखू किंवा पिळू नये. साबणाने वाहत्या पाण्यात धुऊन तडक सरकारी रुग्णालय गाठावे. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. गोंदवून घेतल्यावर ग्राहकाला १२ महिने रक्तदान करता येत नाही. ही गोष्ट काम हाती घेण्याआधी सांगितली जावी. गावच्या शिबिरात रांगेत उभे राहिल्यावर ते कळण्यात अर्थ नाही.