व्हीलचेअरवाल्यांचे ऑनलाइन ग्रुप: हे सगळं सुरू कुठून झालं

डॉक्टर आहेत, घरची माणसं आहेत, मग तुला ग्रुप कशाला पाहिजे, असं विचारणारे आजही भेटतात. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कधी बदलायचा ते डॉक्टर सांगतात हो, पण आमच्या गोव्यात पेडण्याहून मडगावला लग्नाला जायचं असेल तर वाटेत काय करायचं ते फक्त ज्याला स्वतःला कॅथेटर लागतो तोच सांगू शकतो. आणि ही गरज काय मोबाईल आल्यावर जन्मली नाही, त्याच्या कितीतरी आधीची आहे.

अमेरिकेत पोलिओच्या साथींनंतर क्लीव्हलंडच्या टूमी पॅव्हिलियन या रुग्णालयात उपचार घेतलेले लोक घरोघरी पांगले, त्यांचा आपसात संबंध राहावा म्हणून जिनी लॉरी या बाईंनी १९५८ साली एक पत्रक सुरू केलं. श्वासाच्या मशीनवर असलेली माणसं त्यात लिहायची, कुठलं उपकरण चाललं, नोकरी कशी धरली, लग्न कसं केलं. इंग्लंडमधे पॉल हंट हे स्नायूंच्या आजारामुळे बरीच वर्षं अपंगांच्या निवासगृहात राहिलेले, त्यांनी १९७२ साली गार्डियन पेपरात पत्र लिहून आपल्यासारख्यांना एकत्र या म्हणून बोलावलं, त्यातून जी संघटना झाली तिच्या सभासदांमधे गोपनीय परिपत्रकं पोस्टाने फिरायची, एकाने मांडायचं, बाकीच्यांनी पुढच्या परिपत्रकात उत्तर द्यायचं. मला तर हा सरळ आजचा क्लोज्ड ग्रुपच वाटतो, फक्त टपालाचा.

आपल्याकडे हेच काम माणसाने माणसाला भेटून झालं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, म्हणजे नसीमादीदी, ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या पडल्या, तेव्हा त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, आणि ते स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे तसेच कमरेखाली लुळे, होते. पुढे १९८४ मधे दीदींनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. पण असा बाबूकाका प्रत्येक गावाला कुठून मिळणार?

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट सगळ्यांना खुलं केलं, पण गोव्यातले सायबर कॅफे बऱ्याचदा पहिल्या माळ्यावर, लिफ्ट नाही, म्हणजे ज्याला गरज त्यालाच वर जाता येत नाही. घरी फोन आणि कॉम्प्युटर होता ते २००१ च्या सुमाराला सुरू झालेल्या केअरक्युअरसारख्या, मणक्याच्या इजेवर चर्चा चालणाऱ्या अमेरिकन फोरमवर पोचले. माहिती सोन्यासारखी, पण सगळं इंग्रजीत आणि प्रश्न तिकडचे, इन्शुरन्सचे, व्हॅनचे. आमच्या जुन्या घरांना बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, पायऱ्या, संडास मागच्या अंगणात, याचं उत्तर तिथे कोण देणार!

खरा बदल झाला तो स्वस्त डेटामुळे. २०१३ ला व्हॉट्सअपवर व्हॉइस मेसेज आले, २०१६ ला जिओ आलं, २०१७ ला गुगलचं मराठी व्हॉइस टायपिंग. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांच्यासाठी या तारखा कुठल्याही कायद्याइतक्या मोठ्या आहेत. कायदाही त्याच काळात बदलला, १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, आणि सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र), गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा फॉर्म याच्या विचारणा ग्रुपवर धो धो यायला लागल्या.

गोव्यात अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांना पटकन कळत नाही. इथे वाड्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात. लघवीचं, शौचाचं, नवराबायकोच्या संबंधांचं गावात कोणाला विचारणार, संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोचेल. सोलापूरच्या किंवा नाशिकच्या अनोळखी ताईदादाला विचारता येतं. आणि त्यातूनच जीव वाचतात, हे मी उगाच म्हणत नाही. मानेला किंवा छातीच्या वरच्या मणक्यांना इजा असेल तर नुसता कॅथेटर तुंबला तरी बीपी एकदम चढतं, डोकं फुटेल असं दुखतं, चेहऱ्यावर घाम येतो. आधी सरळ बसवा, नळी कुठे मुडपलीय का बघा, घट्ट कपडे सैल करा, तरी उतरलं नाही तर लगेच दवाखान्यात न्या, हे घरच्यांना पाठ पाहिजे, आणि मला भेटलेल्या बहुतेक घरांत ते ग्रुपवरूनच समजलंय.

उलट बाजूही सांगते. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराने चालायला लागाल म्हणून जाहिराती याच ग्रुपांत शिरतात, लोक सोनं मोडतात. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत साफ लिहिलंय की मणक्याच्या इजेवर हा मान्य उपचार नाही, रीतसर ट्रायलबाहेर देऊच नये. असं कोणी टाकलं तर ॲडमिनने लगेच काढायला पाहिजे, इथे भिडस्तपणा नको.

जानेवारी २०२३ मधे पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मी ज्यांना नुसत्या आवाजाने ओळखत होते ते लोक समोर भेटले, खूप बोललो. पण मला आता काळजी आहे ती साठवणुकीची. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मधे बंद झाले, किती वर्षांचं लिखाण गेलं. व्हॉट्सअपवर तर फोन बदलला की जुनं बरंच गेलं, आणि नवीन माणूस तोच बेडसोरचा (एकाच जागी बसून-पडून होणाऱ्या जखमेचा) प्रश्न परत विचारतो, उत्तर देणारा दमलेला असतो. आमच्यातल्या दोघीजणी सध्या चांगले व्हॉइस मेसेज ऐकून मराठीत उतरवून ठेवतायत, बेडसोर आणि कॅथेटरचं झालंय, पुढे घरातले रॅम्प घेणार आहेत.