ले-ऑफ की छाटणी? नोटीस लागली की आधी हे तपासा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये 'ले-ऑफ' हा शब्द सध्या दोन अर्थांनी फिरतो. आयटी कंपन्यांच्या बातम्यांत ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली, कारण त्या बातम्या अमेरिकेतून येतात आणि तिथे तो शब्द तसाच वापरतात. आपल्या कामगार कायद्यात ले-ऑफ म्हणजे मालक आज काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) आहे आणि नोकरी कायम आहे. नोकरी जाते ती छाटणीत. हा घोळ महागात पडतो. ले-ऑफची नोटीस पाहून कुणी घाबरून राजीनामा लिहून देतो. कुणी खरोखरची छाटणी चालू असताना 'दोन महिन्यांनी बोलावतील' म्हणून गावी जाऊन बसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. ले-ऑफ आणि छाटणी या दोन गोष्टींचा गाभा मात्र फारसा बदललेला नाही.

ले-ऑफला कायद्याने ठरवलेली कारणं लागतात: कोळसा, वीज किंवा कच्च्या मालाचा तुटवडा, तयार माल साठून राहणं, मशिन बंद पडणं, नैसर्गिक आपत्ती किंवा त्याला जोडून असलेलं कारण. आधीच्या महिन्यात सरासरी ५० किंवा जास्त कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या बेरजेच्या ५० टक्के भरपाई मिळते. साप्ताहिक सुट्टी त्यात धरत नाहीत. बदली कामगाराला, म्हणजे मस्टरवरच्या दुसऱ्या कामगाराच्या जागी घेतलेल्याला, ती मिळत नाही, पण सलग सेवेचं वर्ष पूर्ण झालं की तो यासाठी बदली राहत नाही. बऱ्याच बदली कामगारांना हे कुणी सांगतच नाही.

मूळ पगार आणि डीए मिळून १८,००० रुपये असतील तर २६ दिवसांनी भागून रोजचे ६९२ रुपये होतात. निम्मे ३४६. बारा दिवस ले-ऑफ झाला तर साधारण ४,१५० रुपये हातात यायला हवेत.

हे पैसे बहुतेकदा बुडतात ते हजेरीमुळे. ले-ऑफच्या काळात ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजर राहावं लागतं, नाहीतर त्या दिवसाची भरपाई जाते. निफाड-दिंडोरीकडचा कामगार या दिवसांत घरच्या द्राक्षबागेत कामाला लागला आणि गेटवर सही केली नाही, तर मालकाला पैसे नाकारायला कायदेशीर आधार मिळतो. हजेरी घेत नसतील तर कामगारांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्याच मालकाच्या ८ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या युनिटमध्ये तेवढ्याच पगाराचं, खास कौशल्य किंवा आधीचा अनुभव न लागणारं आणि त्याला जमणारं काम देऊ केलं आणि ते नाकारलं, तरीही भरपाई जाते. पाळी सुरू होताना हजर असून दोन तासांत काम दिलं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. 'आज परत जा' असं तोंडी सांगून चालत नाही.

बारा महिन्यांत ४५ दिवसांपेक्षा जास्त ले-ऑफ झाला, तर पुढच्या दिवसांची भरपाई थांबू शकते, पण तसा करार असेल तरच. म्हणून युनियनच्या शेवटच्या सेटलमेंटमधलं हे कलम आजच काढून वाचा. ४५ दिवसांनंतर मालक छाटणीही करू शकतो आणि मागच्या बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफची भरपाई छाटणीच्या रकमेतून वळती करू शकतो. दोन्ही गोष्टी इथे एकमेकींना चिकटतात आणि गोंधळही इथूनच सुरू होतो.

छाटणीत नोकरीच संपते. त्यासाठी कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. वरच्याच कामगाराची सेवा ११ वर्षं ७ महिने असेल तर ती १२ वर्षं होते. इथे १५ दिवस म्हणजे महिन्याच्या १८,००० चे निम्मे, म्हणून ९,००० गुणिले १२, म्हणजे १,०८,००० रुपये. नोटीस पगार वेगळा. ग्रॅच्युइटीही वेगळी आणि तिचं गणित निराळं: तिथे १५ भागिले २६ असतं, त्यामुळे तीच सेवा धरून साधारण १,२४,६०० रुपये येतात. 'हिशोबात सगळं आलं' म्हणून एकच आकडा समोर ठेवला, तर या रकमा वेगवेगळ्या लिहून मागा. नव्या संहितेत आणखी एक भर आहे. पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी.

छाटणीत क्रमही पाळावा लागतो. त्या वर्गात शेवटी लागलेला आधी जातो, आणि क्रम मोडला तर कारण नोंदवावं लागतं. त्यासाठी ज्येष्ठता यादी मागा. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर छाटलेल्यांना प्राधान्य आहे.

३०० किंवा जास्त कामगार असतील तर ले-ऑफ आणि छाटणी, दोन्हींना सरकारची आधी परवानगी लागते. वीज नसणं किंवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे झालेल्या ले-ऑफला ती अट नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० होती. अंबड-सातपूरमधली बरीच युनिटं या दोन आकड्यांच्या मधली किंवा त्याहून लहान आहेत. तिथल्या कामगारांच्या हातातलं एक मोठं संरक्षण या बदलाने गेलं, हे स्पष्ट बोलायला हवं.

हरित बदलामुळे, म्हणजे डिझेल-पेट्रोल-कोळशाकडून विजेकडे वळल्यामुळे, हा फरक ओळखणं आणखी कठीण झालं आहे. नाशिकची बरीच रोजीरोटी डिझेल-पेट्रोल गाड्यांच्या सुट्या भागांवर उभी आहे. इलेक्ट्रिक गाडीला इंजेक्टर, नोझल, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, सायलेन्सर काहीच लागत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल लागतात. ब्रेकच्या लाइनवर 'ऑर्डर कमी आहेत' म्हणून आठ दिवस काम बंद असेल तर तो बहुधा खरा ले-ऑफ. नोझलच्या लाइनवर तीच नोटीस पुन्हा पुन्हा लागत असेल तर काम थांबलंय की संपलंय, हे विचारायलाच हवं.

वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटमध्ये काम संपल्याचं उदाहरण दिसतं. टाटा स्टीलने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २,८०० नोकऱ्या जाण्याची शक्यता जाहीर केली आणि ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटची ब्लास्ट फर्नेस (खनिजापासून लोखंड बनवणारी कोळशावरची भट्टी) बंद केली. तिच्या जागी भंगार वितळवणारी इलेक्ट्रिक आर्क भट्टी येणार आहे. नवी भट्टी आली तरी सगळी माणसं परत लागणार नाहीत, कारण कोक ओव्हन, सिंटर प्लांट आणि ब्लास्ट फर्नेसवरचं कामच उरत नाही. भट्टी बदलली की कामांची यादीच छोटी होते.

आपल्याकडे हे नोटिशीत लिहिलेलं नसतं, पण शॉपमध्ये दिसतं. डाय, गेज, फिक्स्चर दुसऱ्या प्लांटला रवाना होतात. तोच पार्ट दुसरीकडे मंजुरीला जातो. महावितरणकडे कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारातली कमाल वीजमागणी) कमी करण्याचा अर्ज जातो. फाउंड्रीत इंडक्शन भट्टी थंड पडली की अस्तराला तडे जातात, म्हणून परत चालवायची असेल तर नवं अस्तर ठोकायला रॅमिंग मास मागवतात. जुनं अस्तर फोडलं आणि नवं मागवलंच नाही, तर ती भट्टी लवकर पेटणार नाही. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर 'ले-ऑफ' शब्दावर विसंबू नका. युनियनमार्फत लेखी प्रश्न द्या: ही लाइन कधी सुरू होणार, आणि होणार नसेल तर आमचं काय?

तिसरा कागदही ओळखून ठेवा: राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती (व्हीआरएस). स्वतःहून दिलेला राजीनामा छाटणीत मोडत नाही, त्यामुळे १५ दिवसांच्या हिशोबाचा हक्क जातो. व्हीआरएसची रक्कम छाटणीच्या रकमेपेक्षा खरोखर जास्त आहे का, ते सही करण्याआधी वहीवर मांडून बघा. मुदतीचा करार असलेल्यांचा करार संपला तर तीही छाटणी नाही. ठेकेदारीतल्या कामगाराचा मालक ठेकेदार असतो, त्यामुळे भरपाईचा दावा आधी त्याच्यावर करायचा.

नियुक्तीपत्र, मागच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, ले-ऑफच्या प्रत्येक नोटिशीचा फोटो आणि हजेरीच्या नोंदी घरी जपून ठेवा. छाटणी चुकीची वाटली तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. नव्या संहितेत त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि तडजोडीच्या अर्जाला ४५ दिवस होऊनही तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं.