चाळीस गुणांचं भांडण: ड्रम कोरमधली गंमत आणि गांभीर्य

ड्रम कोर म्हणजे ब्यूगल, ड्रम आणि ध्वज घेऊन मैदानावर संचलन करत कार्यक्रम सादर करणारी अमेरिकेतली मुलांची पथकं. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला त्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी आटोपली, निकाल लागला, की पार्किंगकडे निघालेल्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही.’ ही तक्रार निदान चाळीस वर्षं जुनी आहे. १९९० साली ब्यूगलला तिसऱ्या व्हॉल्व्हची, म्हणजे सूर बदलणाऱ्या कळीची, परवानगी मिळाली तेव्हा ती झाली. २००० साली ‘जी’ सुराच्या ब्यूगलची सक्ती उठली, २००४ साली मैदानावर माइक आले, २००९ साली सिंथेसायझर आले, आणि दर वेळी ती नव्याने झाली. वाद्यांवरून सुरू होणाऱ्या या वादाच्या मुळाशी मात्र वेगळाच प्रश्न आहे: कार्यक्रम कोणासाठी बसवायचा, आणि तो पोचला की नाही हे ठरवायचं कोणी?

माजी सैनिकांच्या संघटनांच्या काळाबद्दल थोडक्यातच सांगते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पथकं उभी केली, स्पर्धा भरवल्या आणि नियम केले. ते नियम लष्करी होते. ध्वजाला मानवंदना, पोशाखाची तपासणी, आणि हातात पाटी घेऊन वादकांच्या रांगांमध्ये फिरणारा परीक्षक. चुकलेल्या प्रत्येक ठोक्याला, चुकलेल्या प्रत्येक पावलाला एक दशांश गुण कापला जाई. त्या चौकटीला पहिले मोठे तडे १९७१ च्या उन्हाळ्यात गेले. एका पथकाने सर्कस मांडली, दुसऱ्याने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ची गोष्ट सांगितली, आणि व्हिएतनामचं युद्ध चालू असताना न्यू जर्सीच्या एका पथकाने मैदानावर शांततेचं चिन्ह उभं केलं. पुढच्याच वर्षी पथकांनी आपली स्वतंत्र संघटना काढली आणि विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला स्वतःची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. बक्षिसाचे पैसे आणि नियम, दोन्ही आपल्या हातात असावेत ही त्यामागची इच्छा होती.

पण चुका मोजण्याची पद्धत या नव्या घरातही अकरा-बारा वर्षं टिकली, आणि गमतीचा सगळ्यात बहराचा काळ नेमका हाच आहे. बेयॉन शहराचं पथक पिवळे लांब कोट आणि रुंद काठाच्या टोप्या घालून यायचं. शेवटी सगळेच्या सगळे मूर्च्छा आल्यासारखे मैदानावर कोसळायचे आणि स्टँड डोक्यावर घेतलं जायचं. या पथकाला विदूषक म्हणणाऱ्यांनी त्यांची ड्रमलाइन, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्यांची फळी, नीट ऐकलेली नसते. ती देशातल्या अव्वल ड्रमलाइन्समध्ये गणली जाई. तोल गेल्याचं सोंग दोन काठ्यांमधलं अंतर राखून करायचं असेल, तर तालीम दुप्पट लागते. पुढे ऐंशीच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या एका पथकाने लाल कॅनव्हासचे बूट घालून हाच वारसा चालवला. या दोघांनाही नव्या संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद कधी मिळालं नाही. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादाची गुरुकिल्ली आहे असं मला वाटतं.

१९८३ चा मोसम संपला आणि चुका मोजणं बंद झालं. १९८४ पासून परीक्षक कापण्याऐवजी देऊ लागले. शून्यापासून वर चढत जायचं, जितकं अवघड आणि जितकं चांगलं तितके गुण जास्त. तेव्हा अनेकांना वाटलं, आता गंमत करायला मोकळीक मिळाली. झालं उलटंच, आणि त्याचं कारण दोन शब्दांत दडलेलं आहे: जनरल इफेक्ट.

हा गुणपत्रिकेतला एक रकाना. आजच्या हिशेबात शंभरपैकी चाळीस गुण त्याचे, म्हणजे वादनापेक्षाही जास्त आणि हालचालींपेक्षाही जास्त. मराठीत ‘एकूण परिणाम’ म्हणता येईल. पण परिणाम कोणावर? जुन्या प्रेक्षकाला विचाराल तर तो म्हणेल, माझ्यावर. हॉर्नलाइन, म्हणजे ब्यूगल वाजवणाऱ्यांची फळी, आडवी एका रांगेत उभी राहून पुढे येते, आवाज छातीवर आदळतो, माणसं नकळत उठून उभी राहतात, तो परिणाम. परीक्षकाच्या प्रशिक्षणात मात्र त्याच शब्दाचे तीन भाग होतात: बुद्धीला भिडणं, सौंदर्यदृष्टीला भिडणं आणि भावनेला भिडणं. स्टँडमधली आरोळी यातल्या तिसऱ्या भागात कुठेतरी बसते. पहिल्या दोन भागांसाठी कार्यक्रमाला कल्पना लागते, त्या कल्पनेचा विस्तार लागतो, सूर आणि हालचाल यांची वीण लागते. हसवणं यात कुठे धरायचं? मनाई कुठेच नाही, पण त्याची बेरीजही सहज होत नाही.

परीक्षकांची बाजू खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. टाळ्या मोजल्या तर ज्याच्या गावात स्पर्धा आणि ज्याच्या बस जास्त, तो जिंकेल. पंधरा-सोळापासून एकवीस-बावीस वर्षांपर्यंतची मुलं उन्हात बारा-बारा तास घाम गाळतात. त्यांची मेहनत गर्दीच्या लहरीवर सोडता येत नाही. पण या बाजूने एक गोष्ट कधीच मोठ्याने बोलली जात नाही. परीक्षक तोच कार्यक्रम एका उन्हाळ्यात अनेकदा बघतो. विनोद तिसऱ्यांदा बघताना हसू येत नाही. गुंतागुंतीची रचना मात्र तिसऱ्यांदा जास्त उलगडते. तिकीट काढून आलेलं कुटुंब एकदाच बघणार असतं. त्या एका वेळेत जे पोचतं आणि अनेकदा बघून जे पोचतं, ते दोन्ही एकाच रकान्यात मोजायचं ठरलं तेव्हाच झुकतं माप कोणाकडे जाणार ते ठरून गेलं.

आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात ढोल-ताशा वाजवणारी मुलं आता अमेरिकेतही गावोगावी आहेत, आणि त्यातली काही शाळेच्या मार्चिंग बँडमध्येही आहेत. त्यांना हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. मिरवणुकीत परीक्षक नसतो. हात बदलला की लोक नाचतात किंवा नाचत नाहीत, निकाल तिथल्या तिथे लागतो.

१९८८ साली कॅन्सस सिटीला मॅडिसनचं पथक जिंकलं, तेव्हा दोन्ही निकाल एकच आले. लॅटिन बाजाचा झणझणीत शेवट, उभं राहिलेलं स्टेडियम, आणि वर पहिला क्रमांक. ‘पूर्वीसारखी मजा’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच वर्ष असतं. आणि पाचच वर्षांनी आलं १९९३.

१९९३ ची गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची दंतकथा झाली आहे. ती इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या पथकाची. हे पथक तरुण होतं. १९८५ साली पहिल्यांदा मैदानात उतरलं ते डिस्नेच्या चित्रपटांतल्या चाली घेऊन, आणि त्याच वर्षी अंतिम फेरीच्या बारा पथकांत पोचलं. १९९१ साली विजेतेपद मिळालं. म्हणजे लोकांना खूश करता येत नव्हतं, असं कोणी म्हणू शकत नाही. १९९३ साली त्यांनी बार्बर आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या रचना निवडल्या. सुरावट धरून गुणगुणावं असं त्यात जवळजवळ काही नव्हतं. टाळ्यांसाठी थांबा नव्हता. आपल्या ओळखीच्या जागी जोरकस सूर येईल म्हणून प्रेक्षक सरसावून बसावा, आणि तिथे शांतता यावी. पथकातली मुलं एकेकटी, एखाद्या नर्तकासारखी अंगाने बोलत होती. रांग दिसेनाशी झाली होती. त्या उन्हाळ्यात काही ठिकाणी हुर्यो उडवली गेल्याच्या आठवणी तिथे असलेले लोक आजही सांगतात.

अंतिम फेरी मिसिसिपीतल्या जॅक्सनला झाली. १९७१ साली शांततेचं चिन्ह उभं करणाऱ्या न्यू जर्सीच्या त्याच पथकाला ९७.४, ब्लूमिंग्टनला ९७.३. एक दशांश गुणाने पहिला क्रमांक गेला. जुन्या पद्धतीत हीच एका चुकलेल्या ठोक्याची किंमत होती.

या निकालाचे दोन अर्थ लावले गेले आणि दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ घट्ट धरून ठेवला. एकांचं म्हणणं, परीक्षक गर्दीला घाबरले. दुसऱ्यांचं म्हणणं, गर्दीने नाकारलेला कार्यक्रम जेमतेम एका दशांशाने मागे राहतो, यातच सगळं आलं. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. पहिला क्रमांक मिळाला नाही ही गोष्ट तात्पुरती होती. अशा कार्यक्रमाला सत्त्याण्णव गुण मिळतात हे मात्र त्या रात्री प्रत्येक रचनाकाराने लिहून घेतलं. पुढच्या वीस वर्षांतली अंधारी, अर्थगर्भ, खांद्याखांद्यावर ओझं असलेली बरीचशी मांडणी त्या दशांशातून निघाली आहे.

ब्लूमिंग्टनच्या पथकाने स्पर्धा सोडली. त्याच माणसांनी आधी रंगमंचावर एका नामांकित ब्रास संचाबरोबर दौरे केले, मग १९९९ साली लंडनमध्ये स्वतःचा खेळ उभा केला, आणि तो २००१ साली ब्रॉडवेवर जाऊन टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार घेऊन आला. तो खेळ गमतीचा होता, रंगीत होता, लहान मुलांना कडेवर घेऊन बघावा असा होता. गुणपत्रिका समोरून हटली तेव्हा हे घडलं. गांभीर्याचा शिक्का ज्यांच्या कपाळावर सगळ्यात ठसठशीत बसला, त्यांनीच तिकीट काढणाऱ्या लोकांसाठी एवढा मोठा आनंदाचा कार्यक्रम केला. या गोष्टीकडे दोन्ही बाजू का बघत नाहीत हे मला कळलेलं नाही.

नंतरचा काळ दाटीचा आहे. माइक आल्यावर काही पथकांनी बोलायला सुरुवात केली. २००७ आणि २००८ साली एका नामवंत पथकाच्या कार्यक्रमात निवेदन इतकं होतं की सुरांमधून शब्द चालले आहेत की शब्दांमधून सूर, ते समजेना. विशेष म्हणजे ते निवेदन प्रेक्षकांना जवळ घेण्यासाठी होतं, आणि त्याच प्रेक्षकांना ते सगळ्यात जास्त टोचलं. मनोरंजन करायचंच असं ठरवून केलेलं मनोरंजन काय करतं, ते तेव्हा दिसलं. त्याच २००८ साली रॉकफोर्डच्या पथकाने स्पार्टाकस मांडला. गुलामांचं बंड, दगाफटका, मरण. विषय यापेक्षा गंभीर काय असणार? पण मैदानावरून वादकांनी ‘मीच स्पार्टाकस’ अशी आरोळी दिली की स्टँडमधून तीच आरोळी परत यायची. ०.०२५ गुणांनी ते जिंकले. ज्यांना गंमत आणि गांभीर्य ही दोन टोकं वाटतात त्यांनी त्या रात्रीची चित्रफीत बघावी.

२०१० साली वरच्या सात पथकांनी संघटनेच्या कारभारात आणि उत्पन्नात मोठा वाटा मागितला. त्यांचा प्रस्ताव बाहेर फुटला आणि मोठं वादळ उठलं. पैशांची बाजू बहुतेकांना आठवते. त्या प्रस्तावात प्रेक्षकांना खेचणारे वेगळ्या धर्तीचे कार्यक्रम करू द्या असाही मुद्दा होता, तो मागे पडला. लहान पथकांचा जीव जाईल ही भीती त्या वेळी रास्तच होती, आणि तिच्या गदारोळात हा एक विचार करण्याजोगा मुद्दा वाहून गेला.

दोनच वर्षांनी कॉन्कॉर्डचं पथक दादावादावर, म्हणजे अर्थ नाकारणाऱ्या कलेवर, कार्यक्रम करून जिंकलं. तो खेळकर होता, खोडकर होता, पण त्याचा विनोद कळायला आधी पुस्तक वाचलेलं असावं लागत होतं. मग ओहायोतल्या कँटनचं पथक आलं. २०१४ साली त्यांनी अख्ख्या बँडचा सूर यंत्राने घसरवत नेला आणि स्टेडियमला पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. २०१६ साली मैदानात उतरत्या फळ्या मांडल्या, तुरेवाल्या टोप्या फेकून दिल्या, मुलं त्या फळ्यांवरून घसरत होती, आणि त्यांचं पहिलं विजेतेपद त्यांना मिळालं. त्यांचे चाहते ‘ब्लूकोट्स’ या पथकाच्या नावातला ‘ब्लू’ लांबवून ओरडतात. पहिल्यांदा आलेल्या माणसाला ती ‘बूऽऽ’ अशी हुर्योच वाटते.

एक बदल या सगळ्यात हळूहळू झाला, त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पूर्वी पथक गल्लीचं असे, चर्चचं, स्काउटच्या तुकडीचं, माजी सैनिकांच्या शाखेचं. बघायला येत ती गल्लीतली माणसं. आज मुलं देशभरातून चाचणी देऊन येतात, एका उन्हाळ्यासाठी हजारो डॉलर भरतात, त्यातली कित्येक संगीत शिकत असतात. परीक्षक आणि प्रशिक्षक बहुतांश संगीत शिक्षणातलेच असतात. स्टँडमध्येही हायस्कूलच्या बँडमधली मुलं, त्यांचे शिक्षक आणि पालक दिसतात. वाजवणारा, शिकवणारा, तपासणारा आणि बघणारा हे सगळे एकाच वर्गातून आले, तर कार्यक्रम त्या वर्गाच्या भाषेत बोलणारच.

आणि त्या वर्गाची आवडही ठरलेली नाही. ही मुलं बेयॉनच्या मूर्च्छेची जुनी, धूसर चित्रफीत शोधून काढून हसतात. आणि १९९३ च्या ब्लूमिंग्टनच्या कार्यक्रमाबद्दल विचारलं, तर त्यातल्या कितीतरी जणांना तो तोंडपाठ असतो.