डिजिटल चित्र ‘कॉम्प्युटर काढतो’ हा गैरसमज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गणपतीचे फलक रंगू लागले की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘हाताने काढलं तेच खरं, डिजिटल काय, बटण दाबलं की झालं.’ हे चूक आहे.

पेन टॅब्लेटवर (कॉम्प्युटरला जोडलेली, पेनने चित्र काढायची पाटी) रेघ हातच ओढतो. पेन जोरात दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की बारीक. मूर्तीचं प्रमाण, छायाप्रकाश, बोटांची ठेवण हे येत नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर ते शिकवत नाही. फरक आहे तो चूक सुधारण्यात. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जावं लागतं, खालचा थर ओला असताना वरचा दिला की रंग पसरतो, गढूळ होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर कागद लवकर वाळतच नाही. डिजिटलमध्ये रेघ, रंग, सावली वेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर) ठेवता येतात, म्हणून चुकलेला भागच पुसता येतो.

पण छपाईत डिजिटलवाल्याचीच जास्त फसगत होते. ए३ कागदावर ३०० डीपीआयने (दर इंचात ३०० ठिपके) छापायचं तर चित्र ३५०८ × ४९६१ पिक्सेलचं (चित्राचे बारीक ठिपके) हवं. लहान फाइल नंतर ताणून मोठी केली की रेघांच्या कडा दातेरी, धूसर दिसतात. कॉम्प्युटरचा पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो (आरजीबी), छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईने (सीएमवायके). त्यामुळे झगझगीत हिरवा, निळा कागदावर मळकट उतरतो. आधी छोटा नमुना छापून बघा, मग रंग सुधारा.