खान्देशातील ‘प्रभावी आवाज’ : यादी कशी बनते, तिच्यामागे काय आहे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये सोन्याच्या दुकानाचे उद्घाटन असो की बियाणे कंपनीचा शेतकरी मेळावा, निमंत्रितांमध्ये आता पत्रकारांसोबत रीलस्टारांची स्वतंत्र यादी असते. या यादीत साधारण चार रकाने असतात : नाव, गाव, फॉलोअर आणि दर. त्या व्यक्तीचे म्हणणे कोण ऐकतो, यासाठी मात्र रकाना नसतो, आणि हे आजचे नाही.

समाजात मत घडवणाऱ्या व्यक्ती ओळखण्याचा प्रयत्न समाजमाध्यमांपेक्षा बराच जुना आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका परगण्यात १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीवेळी झालेल्या अभ्यासात असे दिसले, की लोक वृत्तपत्र किंवा रेडिओइतकेच, किंबहुना अधिक, ओळखीतल्या जाणत्या माणसाचे ऐकतात आणि अशी माणसे प्रत्येक थरात असतात. पुढे इंटरनेटवर हाच शोध आकड्यांनी सुरू झाला. २००८ मध्ये आलेल्या ‘क्लाउट’ या सेवेने प्रत्येक वापरकर्त्याला १ ते १०० मधला एक गुण दिला आणि जनसंपर्क व्यवसायाने तो काही वर्षे प्रमाण मानला. मे २०१८ मध्ये ती सेवा बंद झाली, तरी माणसाचा प्रभाव एका आकड्यात मावतो ही समजूत मात्र टिकून राहिली.

खान्देशात या गोष्टीला खरे वळण मिळाले ते २०१६ नंतर, स्वस्त मोबाइल डेटा गावोगाव पोहोचल्यावर. अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती यूट्यूबवर लाखोंनी पाहिल्या जाऊ लागल्या, आणि टिकटॉकवरचे धुळे जिल्ह्यातील काही चेहरे तर देशभरच्या बातम्यांत झळकले. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली, तेव्हा तिथले फॉलोअर दुसरीकडे नेण्याची कोणतीही सोय नव्हती. लाखोंचा आकडा एका रात्रीत गेला. प्रभाव आणि फॉलोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून घेण्याची ती उत्तम संधी होती; आपल्याकडच्या याद्यांनी मात्र तोच रकाना इन्स्टाग्रामच्या आकड्याने भरून घेतला.

खरा गोंधळ ‘इन्फ्लुएन्सर’ या शब्दातच आहे. जाहिरात क्षेत्रातील स्वयंनियमन संस्थेने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत इन्फ्लुएन्सरची व्याख्या करताना फॉलोअरची किमान अट घातलेली नाही. अधिकार, ज्ञान, स्थान किंवा प्रेक्षकांशी असलेले नाते यांमुळे ज्याचा लोकांच्या खरेदीवर परिणाम होतो, तो इन्फ्लुएन्सर, असा तिचा आशय आहे. सरकारी बाजूने मात्र वेगळी वाट धरली गेली. उत्तर प्रदेशच्या २०२४ च्या डिजिटल माध्यम धोरणाने फॉलोअर आणि सबस्क्रायबर यांच्या संख्येनुसार गट पाडले आणि त्यानुसार महिन्याच्या मोबदल्याची मर्यादा ठरवली. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत सोपी आहे, कारण आकडा तपासता येतो आणि नाते तपासता येत नाही. पण तपासायला सोपे म्हणून तेच खरे मानणे ही चूक आहे, आणि खान्देशासारख्या प्रदेशात तिची किंमत अधिक पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची दोन कारणे सांगता येतील. पहिले भाषेचे. बाहेरचा जनसंपर्क अधिकारी ‘खान्देशी आवाज’ म्हणून अहिराणी चेहरा निवडतो. परंतु रावेर-यावल पट्ट्यात लेवा गणबोली बोलली जाते, तर धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली बोली. दुसरे स्थलांतराचे. पोटापाण्यासाठी सुरतेत गेलेला खान्देशी माणूस उधना-लिंबायतमध्ये बसून मोठ्या आवडीने अहिराणी गाणे पाहतो. त्याचे पाहणे आकड्यात जमा होते, पण अमळनेरच्या दुकानदाराने त्या आकड्यावर पैसे मोजले तर गिऱ्हाईक त्याच्या दारात येणार नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण केळीचे आहे. रावेर, यावल, चोपडा भागात व्हॉट्सॲप गटांवर रोज भाव फिरतात. संदेशात तारीख, बऱ्हाणपूर किंवा रावेर, आणि क्विंटलचा दर एवढेच असते. ना चेहरा, ना संगीत. पण त्याखाली प्रश्न येतो, ‘भाऊ, माल उद्या कापू का दोन दिवस थांबू?’ आणि जो उत्तर देतो, त्याच्या शब्दावर मजुरांची टोळी ठरते, गाडी ठरते. त्या दिवशी त्या शेतकऱ्याच्या हातात किती पैसे पडणार, हेही बऱ्याच अंशी त्यावर ठरते. व्हॉट्सॲप गटाची सदस्यमर्यादा पूर्वी २५६ होती, ती २०२२ मध्ये १०२४ झाली. म्हणजे असा गट काठोकाठ भरला तरी दहा हजार फॉलोअरांपासून सुरू होणाऱ्या यादीत त्याला जागा नाही. शिवाय गट बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून नावे शोधणाऱ्याला तो असल्याचेही कळत नाही. अशी माणसे शोधायची तर कृषी केंद्राच्या बाकावर बसून ‘तुम्ही भाव कोणाला विचारता?’ असे दहा जणांना विचारावे लागते आणि तीच तीच नावे पुन्हा येतात का, हे पाहावे लागते. त्याला वेळ लागतो, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

दरम्यान नियम कडक झाले. जुलै २०२२ पासून व्यवसायातून मिळणाऱ्या, वर्षाला वीस हजारांहून अधिक किमतीच्या भेटवस्तूंवर दहा टक्के करकपात लागू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस स्पष्ट शब्दांत जाहीर करण्याची सूचना काढली. रीलवर ‘जाहिरात’ अशी पट्टी लावता येते. गटात ‘अमुक औषध मारा’ असे लिहिणाऱ्याने विक्रेत्याकडून काही घेतले आहे का, हे पाहणारी नजर तिथपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात व्हॉट्सॲप चॅनेल आले. चॅनेलला गटासारखी सदस्यमर्यादा नाही आणि फॉलोअरचा आकडा सर्वांना दिसतो, त्यामुळे भाव टाकणारा तिकडे वळला तर तोही यादीत येऊ शकेल. मात्र चॅनेलवर गटासारखे खाली लिहून विचारता येत नाही, आणि ‘कापू का थांबू’ हा प्रश्न तिथे येत नाही.